पंचांगाच्या कडेला

वसंत ऋतू नेमका कधी लागतो, या बाबतीत पंचांगाचे आणि आमच्या कोकणाचे कधी पटलेले नाही. पंचांग म्हणते, चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. पण वसंत पंचमी तेच पंचांग माघात घालते. आणि आमच्या दापोली तालुक्यात वैशाख उजाडेपर्यंत वसंत बिचारा केव्हाच उकडून निघालेला असतो. आमच्याकडचा खरा वसंत म्हणजे माघाची उतरती बाजू आणि फाल्गुन. पहाटे घोंगडी सोडवत नाही आणि दुपारी जांभ्या दगडावर अनवाणी पाय ठरत नाही. मोहोराचा आंबूस-गोड वास घरभर फिरतो. कुसुंबाची पालवी अशी तांबडी फुटते की लांबून झाडाला फुलेच आली आहेत असे वाटावे. पऱ्ह्याचे वाहते पाणी थांबते आणि डोहाडोहातून मागे राहते. याच दिवसांत फुलपाखरे डोळ्यांत भरू लागतात.

तशी ती पावसाळ्याअखेरीस, भाद्रपद-आश्विनात, याहून पुष्कळ असतात. पण तेव्हा गवत कमरेएवढे माजलेले असते आणि भातकापणीच्या धांदलीत वर पाहायला सवड कुणाला असते? माघ-फाल्गुनात रान विरळ होते, ऊन स्वच्छ असते, आणि थंडीने आखडलेली पाखरे सकाळी पंख तापवल्यावाचून उडूच शकत नाहीत. म्हणून ती उन्हाच्या तुकड्यावर बसून राहतात. ज्याला पाहायचे आहे त्याने तेव्हाच पाहावे.

हे सारे शहाणपण माझे नाही. ते माझ्या आत्याचे आहे, आणि मला ते जुन्या पंचांगांत सापडले.

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण गोदावरी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने नवरा गेला, आणि १९४३ साली ती आमच्या घरी परत आली ती कायमची. अशा बाईने माहेरी कसे राहावे याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते, आणि कुणाला विचारावेही लागत नव्हते. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठे, रात्री सगळ्यांच्या मागून निजे. तिला कुणी टाकून बोलल्याचे मला आठवत नाही. तसे तिला कुणी काही विचारल्याचेही आठवत नाही. तिच्या मालकीचे म्हणाल तर एक ट्रंक, चार पातळी आणि एक तांब्या. आणि पंचांगे. गुढीपाडव्याला नवे पंचांग आले की जुने निरुपयोगी होई. ते ती मागून घेई. दुकानदाराचे सामान बांधून आलेला कागदसुद्धा जपून ठेवण्याचा तो काळ होता, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडाला त्याने झोडपून काढले. आमच्या घराची कौले गेली, विहिरीमागचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. माझा धाकटा भाऊ तिथेच असतो. माळ्यावरचे सामान उतरवताना त्याला आत्याची ट्रंक सापडली. आत्या १९९४ मध्ये गेली. तेव्हापासून ती कुणी उघडली नव्हती. भिजलेली पंचांगे त्याने पडवीत दोरीवर वाळत घातली आणि वर्षभराने ठाण्याला माझ्याकडे पोचवली. म्हणाला, "अक्का, यात कडेला काहीबाही लिहिलंय. हिशोब असेल म्हणून बघितलं, तर पाखरं निघाली."

एकूण बत्तीस पंचांगे. पहिले शके १८७८ चे, शेवटचे १९९१ साली संपलेले, मधली तीन नाहीत. तिथी-वार-नक्षत्राच्या रांगांच्या बाहेर जी बोटभर कोरी जागा असते तिथे बारीक पेन्सिलीने दोनतीन शब्द. "पिवळे आले." "लिंबावर अंडी ३." "पऱ्ह्यावर निळी पुष्कळ, गुरांच्या जागी." "रात्री कंदिलावर मोठे, राखी, डोळ्यांचे." बहुतेक नोंदी माघ ते चैत्र एवढ्याच. गंमत अशी, की पंचांग चैत्रात सुरू होऊन फाल्गुनात संपते. त्यामुळे तिचा वसंत दरवर्षी एका पंचांगाच्या शेवटच्या पानांवर सुरू होतो आणि पुढचा धागा नव्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जाऊन मिळतो.

पहिल्या नोंदीच्या वेळी मी सहा वर्षांची होते. आत्याबरोबर पऱ्ह्यावर धुणे घेऊन जायचे ते मला चांगले आठवते. डोहाच्या कडेला ओलसर वाळूची जी पट्टी राही तिच्यावर फुलपाखरे बसत. फुलावर बसते तसे एकटेदुकटे नव्हे. वीस वीस, तीस तीस, एकाच दिशेला तोंड करून, पंख मिटून, शिडाच्या होड्यांसारखी. काळ्या पंखांवर निळसर हिरवा पट्टा असलेली सगळ्यांत चपळ. फिकट पिवळी संख्येने जास्त. आणि नखाएवढी निळी तर मोजण्यापलीकडची. मी धावत गेले की सगळी एकदम उठत आणि माझ्या डोक्याभोवती कागदाचे कपटे उधळावेत तशी फिरत. आत्या रागवे. "मने, पाणी पिऊ दे त्यांना. जेवताना तुला कुणी उठवलं तर?"

पण पाणी पितात म्हणावे तर स्वच्छ डोहाच्या काठावर ती बसत नसत. गुरे उभी राहून जिथे मुतत, तिथे गर्दी अधिक. आत्याने हे १९५९ सालीच लिहून ठेवले आहे. कारण तिला ठाऊक नव्हते. कारण असे आहे, की त्यांना पाण्याहून त्यातले क्षार हवे असतात. फुलांच्या मधात साखर असते, मीठ जवळजवळ नसते. आणि ही चिखलावर बसणारी मंडळी बहुतेक सगळी नर असतात. शोषून घेतलेले क्षार ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते पुढे अंड्यांच्या कामी येतात. आत्याला हे सांगायला मिळाले असते तर तिने काय केले असते कोण जाणे. बहुधा धुण्याचा पिळा घट्ट पिळून "बरं आहे, काहीतरी आणतात तरी घरी," असे म्हणाली असती.

घरातली पाखरे लिंबाची. विहिरीशेजारच्या लिंबाच्या झाडावर आईचा जीव. कोवळ्या पानांवर पहिल्यांदा पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी येई. ती तशी दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, ही तिची युक्ती. मोठी झाली की तीच गर्द हिरवी होते, आणि बोट लावले तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगे बाहेर काढून असा उग्र वास सोडते की आपण हात झटकावा. आई अळ्या वेचून फेकायला निघाली की आत्या पुढे होई. "वहिनी, राहू दे. मी नेते." त्या अळ्या ती रोवळीत ठेवी, वर फडके बांधी आणि रोज कढीपत्त्याची डहाळी टाकी, लिंब आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे अळीला दोन्ही चालतात. चारपाच दिवसांत अळी काडीला रेशमाचा कमरपट्टा बांधून घेई आणि तिचा कोश होई. आणखी आठदहा दिवसांनी सकाळी फडके उघडले की आत ओल्या पंखांचे काळे-पिवळसर, ठिपक्यांचे फुलपाखरू. आई म्हणे, "वन्सं, माझ्या झाडाचा पाला वाचवून तुमच्या कढीपत्त्याचा फडशा पडला. नफा काय?" दोघी हसत. सासर-माहेरच्या नात्यातले जे काही अवघड असते ते या दोघींत कमी होते, आणि त्यात या रोवळीचा वाटा होता असे मला अजून वाटते.

रात्रीची पाखरे हा निराळा संसार. आमच्याकडे वीज यायची होती. कंदिलाच्या काचेवर पतंग येऊन आदळत. दिवसाचे फुलपाखरू आणि रात्रीचा पतंग यांतला फरक तिने मला दाखवला. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गुंडी असते, पतंगाच्या मिशा पिसासारख्या नाहीतर साध्या दोऱ्यासारख्या. तगरीवर हाताच्या बोटाएवढी हिरवी अळी असे. डिवचली की अंग फुगवी आणि तिच्या मानेवर दोन निळे डोळे उघडत. ते डोळे खोटे असतात हे कळूनही मी किंचाळत असे. आणि दिवेलागणीला स्वयंपाकघरात शिरणारे ते तपकिरी फुलपाखरू! पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेली त्याचीच पिढी ठिपके टाकून देते आणि वाळल्या पानासारखी होते. दोन निराळी पाखरे म्हणून आत्याने सुरुवातीला दोन नावे दिली होती. पुढे १९६८ च्या पंचांगात त्यातले एक खोडून "हे तेच" असे लिहिलेले आहे.

दिवाळीचा अंक हातात असताना हे वाचत असाल तर तुमच्याही पणत्यांपाशी चार पतंग घिरट्या घालत असतील. दिव्याच्या प्रेमाने पतंग जळतो, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या कविता केल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्या प्रेमाची पार शोभा केली. अतिवेगाने चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी दाखवले, की पतंग दिव्याकडे झेपावत नाही. तो उजेडाकडे पाठ करतो. रात्री उजेड असतो तो वर, आभाळात. म्हणून उजेडाकडे पाठ धरली की आपण सरळ उडत आहोत अशी त्याची हजारो पिढ्यांची खात्री. दिवा बाजूला किंवा खाली आला की ती खात्रीच त्याला गरगर फिरवते. मला हे वाचून पतंगाची कीव अधिक आली.

पण मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते पाखरू "पिवळे".

विहिरीमागच्या रायवळ आंब्यावर बांडगूळ फार. हे बांडगूळ झाडाच्या रसावर जगते; त्याची फळे फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो; तिथे ते रुजते. त्या बांडगुळाच्या पानांमागे हे पिवळे आपली अंडी ओळीने घालते. अळ्या सगळ्या एकत्र राहतात, एकत्र खातात, धक्का लागला तर रेशमाच्या धाग्याने खाली लोंबकळतात. फुलपाखरू उंच, शेंड्यांतून, सावकाश उडते. जणू कुणाची भीती नाही. खालून पाहिले की हळदीसारखा पिवळा पंख, त्यावर काळ्या रेघा, आणि कडेला ओळीने शेंदरी-तांबडे ठिपके. फाल्गुनात मोहोर गळून कैऱ्या धरू लागल्या की त्या झाडाच्या शेंड्याशी ही पाखरे संथपणे फिरत राहत.

चैत्रात आमच्याकडे गौर बसे आणि आई गावातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवी. ओटीवर सतरंजी, गौरीपुढे आरास, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हे. डाळ वाटे आत्या. कैरी किसे आत्या. पन्ह्यात वेलदोडा किती घालायचा ते आत्याला विचारल्याशिवाय आई घालत नसे. आणि बायका येऊ लागल्या की आत्या मागच्या दारी जाई. तिला जा असे कुणी म्हणत नसे. ती आपली उठे आणि जाई. एखाद्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे तशी. बायका परत जाऊ लागल्या की आई मला हळूच सांगे, "मने, हे आत्याला नेऊन दे." मी पन्ह्याचे भांडे सांभाळत विहिरीपाशी जाई. आत्या धुण्याच्या दगडावर बसून मान वर करून रायवळाकडे पाहत असे. "आज सात आहेत बघ," असे काहीतरी म्हणे. मीही वर बघे. माझ्या कपाळाला नुकतेच लावलेले कुंकू असे आणि उन्हात ते ओघळून नाकावर आले की आत्या पदराच्या टोकाने ते नीट करी.

तेव्हा मला यात काही विचित्र वाटत नव्हते, हे मला आज विचित्र वाटते.

१९६१ च्या दिवाळीनंतर अण्णांनी बांडगूळ काढायचे ठरवले. आमची चाळीस कलमे हाच आमचा पगार. मुंबईला किती पेट्या गेल्या यावर माझ्या भावांच्या शाळेची फी ठरे. रायवळावरचे बी फुलटोच्यांनी कलमांवर नेऊन लावायला सुरुवात केली होती. अण्णांचे म्हणणे चूक नव्हते. गडी कोयती घेऊन झाडाखाली आला, आणि स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. सगळ्यांसमोर, गड्यासमोरसुद्धा, ती म्हणाली, "अण्णा, विहिरीकडची एक फांदी ठेवशील?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आम्ही मुलेही बघत राहिलो. अठरा वर्षांत तिने त्या घरात काही मागितलेले नव्हते. नवे पातळसुद्धा आई आपण होऊन आणी. अण्णांनी का म्हणून विचारले नाही. गड्याला म्हणाले, "ती सोडून बाकीचं काढ," आणि आत निघून गेले.

फांदी राहिली. तीन वसंत राहिली. १९६४ च्या पावसाळ्यानंतर विहिरीजवळच्या तीन चांगल्या कलमांवर बांडगूळ धरलेले दिसले. अण्णा काही बोलले नाहीत. कलमांवरचे तेवढे त्यांनी काढून घेतले. पण त्या वर्षीच्या पंचांगात, मार्गशीर्षाच्या पानावर, जिथे एरवी तिची कधी नोंद नसते, तिथे लिहिले आहे : "रायवळाची फांदी तोडविली. मी सांगितले."

मला हे ठाऊकच नव्हते. मी आजवर धरून चालले होते, की अण्णांनी शेवटी ती तोडली. आणि त्याचा बारीकसा राग मी त्यांच्यावर आयुष्यभर धरला होता. ते १९७९ मध्ये गेले. कागदाचा एक कपटा माणसाला किती उशिरा निर्दोष ठरवतो!

त्याच पंचांगाच्या शेवटी, माघात : "पिवळे नाही." फाल्गुन शुद्धात पुन्हा : "नाही." आणि फाल्गुन वद्य चतुर्थीला : "आले. दोन. कुठून?" पुढच्या वर्षीही आली, त्याच्या पुढच्याही. डोंगराच्या रानात, इतरांच्या बागांत, नाना झाडांवर बांडगुळे होतीच. पाखरे तिथली असणार. रायवळाच्या शेंड्यावरून ती नुसती येत-जात. थोडी उणी, पण येत. आमच्या एका फांदीवाचून त्यांचे काही अडले नाही हे कळल्यावर आत्याला बरे वाटले की वाईट, हे पंचांगात नाही. मला विचाराल तर तिला हसू आले असावे.

याच पाखरांशेजारी एक "काळे-निळे, मोठे, विहिरीवर" असेही अनेक वर्षे येते. काळ्या मखमलीवर निळा पट्टा असलेले ते भले मोठे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्र शासनाने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. असे फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले. तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. आत्याने एवढे थोर पाखरू एका ओळीत उरकले आहे. तिचे मन पिवळ्यावर.

पंचांगे माझ्याकडे आली त्या हिवाळ्याच्या शेवटी नातवाला घेऊन मी येऊरच्या जंगलात गेले होते. ठाण्याला राहून येऊर न पाहणे म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न पाहणे, असे माझा मुलगा मला ऐकवत असतो. फुलपाखरे दाखवणारा एक तरुण मुलगा बरोबर होता. उंच शेंड्यावर काहीतरी संथपणे तरंगत गेले आणि तो बोट दाखवून म्हणाला, "ते बघा, हळदीकुंकू."

मी म्हटले, "काय म्हणालास?"

"हळदीकुंकू. मराठीत हेच नाव आहे, आजी. पिवळा आणि लाल, म्हणून." मग त्याने समजावून सांगितले, की हे रंग शोभेचे नाहीत. पक्ष्यांना ते सांगतात, मी बेचव आहे, माझ्या वाटेला जाऊ नका. म्हणूनच ते इतके सावकाश उडते. नातू म्हणाला, "पण बेचव आहे हे कळायला कुणीतरी एकदा खाऊन बघितलं असेल ना?" तो मुलगा हसून हो म्हणाला. दोघे पुढे गेले. मी तिथेच एका दगडावर बसले.

नाव कुणी ठेवले असेल त्याने सरळ मनाने ठेवले. नाव सुंदर आहे, आणि पाखरू पाहिल्यावर दुसरे सुचूही नये. पण सदतीस चैत्र माझी आत्या मागच्या दारी त्या पाखरांकडे बघत बसली होती आणि ओटीवर ज्याला हळदीकुंकू म्हणतात ते चालले होते. तिला हे नाव आवडले असते का? माझी धाकटी बहीण म्हणते, आवडले असते. ती टाळी देऊन हसली असती. मला तसे खात्रीने वाटत नाही. तिने त्याला साधे "पिवळे" म्हटले. त्यावरचे तांबडे ठिपके तिला दिसत नव्हते असे नाही. तिचे डोळे माझ्याहून तीक्ष्ण होते. पण बत्तीस पंचांगांत तांबड्याचा उल्लेख एकदाही नाही. मी दोनदा तपासले.

हे घरी येऊन तपासत असतानाच मला शके १८९३ चे पान सापडले. म्हणजे १९७२ चा आरंभ. त्या वर्षी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आत्याला मुंबईला माझ्या थोरल्या भावाकडे आणले होते. पौषात आली ती वैशाखापर्यंत राहिली. साहजिकच त्या वसंताचे पान कोरे असेल असे मी गृहीत धरले होते.

ते कोरे नाही. माघ वद्य दशमीपुढे नोंद आहे, आणि ती पेन्सिलीची नाही. शाईची आहे. अक्षर ठसठशीत, उभे, मोडीची सवय असलेल्या हाताचे. आंब्याच्या पेट्यांच्या वहीत मी ते हजारदा पाहिले आहे. अण्णांचे.

म्हणजे अण्णा पंचांग रोज उघडत तेव्हा कडेची ती पेन्सिल त्यांना दिसत होती. पंधरा वर्षे दिसत होती. त्यांनी कधी एका शब्दाने ते दाखवले नाही, आणि तिनेही, ते पाहत असणार हे ठाऊक असून, लिहिणे थांबवले नाही. दोघे एकाच घरात, एकाच पानावर, आणि बोलणे नाही. आमच्याकडच्या भावाबहिणींचे प्रेम हे असे असते. परक्याला ते भांडण वाटेल.

त्या वसंतात अण्णांच्या पाच नोंदी आहेत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मोहोरावर औषध मारण्याच्या ऐन घाईत, तो माणूस धुण्याच्या दगडापाशी उभा राहून मान वर करून बघत असला पाहिजे. त्यांना पाखरातले काही कळत नव्हते हे नोंदींवरून उघड दिसते. "पऱ्ह्यावर नाना प्रकार" एवढ्यावर त्यांनी सगळा पऱ्ह्या निकालात काढला आहे. "लिंबावर अळ्या. रोवळीत घातल्या. दोन मेल्या." आणि फाल्गुन शुद्ध अष्टमीला, सगळ्यांत लांब नोंद : "सकाळी ९. रायवळावर पिवळी ३. एक कलमावर खाली उतरले, पंख उघडून बसले, ते पांढरे. हे कोणते? गोदूला विचारणे."

विचारले की नाही, कोण जाणे. आमच्या घरातल्या रीतीप्रमाणे नसेलच विचारले. पण त्या शाईच्या खाली, पुढे केव्हातरी लिहिलेली, बारीक पेन्सिलीची एक ओळ आहे :

"तेच. वरून पांढरे, खालून पिवळे. आपण खालून बघतो."